पोरगं झोपलं की पुस्तक उघडते, आणि मीच झोपते

प्रश्न: ताई, मी २९ वर्षांची, मुक्त विद्यापीठातून बीए करतेय, शेवटचं वर्ष. मुलगा चार वर्षांचा, नवरा शिफ्टला, सासूबाईंचे गुडघे दुखतात. रात्री अभ्यासाला बसले की डोळेच मिटतात, मग दुसऱ्या दिवशी सगळी चिडचिड पोरावर निघते. काय करू?

उत्तर: अगं आधी झोप! पेंगत वाचलेलं पान सकाळी परत वाचावंच लागतं ना. या वयाच्या पोरांना दिवसाला १० ते १३ तास झोप लागते, म्हणजे तो साडेआठला झोपला की तूही साडेनऊला आडवी हो आणि पहाटे साडेचारला ऊठ, कुकर लावायच्या आधी तासदीड तास शांत मिळतो. दुपारी मात्र अभ्यासाला २०-२५ मिनिटंच धर, त्याला शेजारी वही-खडू दे, मोठा काटा सहावर आला की खेळू म्हण आणि काटा आला की खरंच ऊठ हं, नाहीतर पुढच्या वेळी तो ऐकायचा नाही. मोबाईलचं म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मधे या वयाला जास्तीत जास्त १ तास सांगितलाय, पण परीक्षेच्या आठवड्यात थोडा जास्त झाला तर जिवाला लावून घेऊ नको. ओरडलीस तर नंतर जवळ घेऊन "आई चुकली" म्हण, त्यात काही कमीपणा नाही.

नवऱ्याला सुट्टी असेल तेव्हा पोर त्याच्याकडे, आणि त्याला "मदत" म्हणू नको, मुलगा त्याचाही आहे. सासूबाईंना बसल्याजागी गोष्ट सांगता येते की, गुडघे त्यात कुठे आले!