सापळे रिकामे, फुलोरा मात्र गेला : तुरीवरची अळी आणि डीएनए तपासणी

शिरूर तालुक्यातल्या एका तूर उत्पादकाने विचारलं आहे : "दोन एकर तूर ऐन फुलोऱ्यात आहे. कळ्या-फुलं जाळीने गुंडाळल्यासारखी होऊन गळतात. कामगंध सापळे लावले, पतंग सापडत नाहीत. तरी खबरदारी म्हणून एचएएनपीव्ही (घाटे अळीला मारणारा विषाणू) फवारलं, काडीचा फरक नाही. मोबाईलवर पाहिलं की आता अळीचा डीएनए तपासून औषध ठरवतात. आमच्या अळीची तपासणी पुण्यात कुठे होईल आणि खर्च किती?"

दादा, आधी खर्चाचं सांगतो. तुम्हाला या तपासणीवर एक रुपयाही घालवायची गरज नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यातच निदान आहे. रिकामा सापळा, निकामी ठरलेला विषाणू आणि जाळीत गुंडाळलेली फुलं, या तिन्ही गोष्टी एकच सांगतात : ही घाटे अळी दिसत नाही, बहुधा मरुका आहे. आपण तिला ठिपक्यांची शेंगा पोखरणारी अळी म्हणतो. उद्या सकाळी एक जाळी अलगद उलगडून पाहा. पांढुरकी, थोडी पारदर्शक अळी आणि तिच्या अंगावर प्रत्येक वळ्यावर काळसर ठिपक्यांच्या जोड्या दिसल्या तर शंका संपली. घाटे अळी अंगावर पट्टे मिरवते, रंग हिरव्यापासून तपकिरीपर्यंत कुठलाही असतो, आणि ती अर्धं अंग शेंगेबाहेर ठेवून खाते. तिला लपायची गरज वाटत नाही. मरुका घर बांधून खाते.

सापळ्यातलं आमिष हे घाटे अळीच्या मादीचा गंध असतो, त्याला मरुकेचा नर येणार नाही. एचएएनपीव्हीचंही तसंच. तो घाटे अळीचा आजार आहे, मरुकेला होत नाही. म्हणजे सापळा नादुरुस्त नव्हता आणि विषाणूही बनावट असेलच असं नाही. पत्ता चुकला, एवढंच. ही चूक मी स्वतःही केलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शेतात लहान अळ्या पाहून घाईने "घाटे अळीच आहे" असं सांगून मोकळा झालो होतो. अगदी लहानपणी दोन्ही अळ्या पटकन वेगळ्या ओळखू येत नाहीत. त्या शेतकऱ्याची दोन फवारणी वाया गेली. तेव्हापासून जाळी उलगडल्याशिवाय मी पक्कं नाव घेत नाही.

आता काय करायचं? जाळी झालेले गुच्छ हाताने तोडून पिशवीत भरा आणि शेताबाहेर नष्ट करा. दोन एकरांत ते जमण्यासारखं आहे. फवारा जाळीच्या आत पोहोचत नाही, म्हणून मरुकेवरची फवारणी नेहमी कळी अवस्थेत, जाळ्या घट्ट होण्याआधी करायची असते. तुमच्याकडे अजून नव्या कळ्या येत असतील तर इमामेक्टीन बेन्झोएट ५ टक्के एसजी ४.४ ग्रॅम किंवा क्लोरअँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससी २.५ मिली, प्रति १० लिटर पाणी, यांपैकी एकच घ्या आणि लेबल वाचून घ्या. फवारणी संध्याकाळी करा. तुरीच्या फुलांवर दिवसभर मधमाश्या असतात. तोंडाला रुमाल, हातात मोजे, हे दरवेळी सांगावं लागतं म्हणून पुन्हा सांगतो.

मग ती डीएनए तपासणी कशाला असते, हा तुमचा खरा प्रश्न उरतोच. प्रत्येक किडीच्या पेशीत जनुकांची लिपी, म्हणजे डीएनए असतो, आणि ती अक्षर-अक्षर वाचण्याला सिक्वेन्सिंग म्हणतात. २००३ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी सुचवलं की ओळख पटवायला सगळी लिपी वाचायची गरज नाही, सीओआय नावाच्या एका जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा पुरतो. दुकानातल्या पुड्यावर बारकोड असतो, तसंच. अळीचा एक पाय किंवा पानावरचं एखादं अंडंही त्याला चालतं. २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी पहिल्यांदा आढळली, तेव्हा ती परदेशातून आलेलीच जात आहे हे पक्कं करायला शरीररचनेच्या जोडीला हीच पद्धत वापरली गेली.

ब्राझीलची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. तिथे घाटे अळीची एक बहीण आधीपासून होती. सोयाबीन आणि कपाशीवर नुकसान अचानक वाढलं तेव्हा लोक तीच जुनी अळी समजून फवारत राहिले. २०१३ मध्ये तपासणीत निघाली आपल्याकडची घाटे अळी, समुद्र ओलांडून आलेली. दोघींचे पतंग नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखणं तज्ज्ञांनाही जड जातं. काही औषधांना न दबणारी अळी येऊन बसली होती, आणि तिला नावच नव्हतं.

मरुकेवरचं सगळ्यात कामाचं सिक्वेन्सिंग पश्चिम आफ्रिकेत झालं. तिथे चवळी हे गरिबाचं मुख्य अन्न, आणि मरुका चवळीची फुलंच खाते. बेनिनमधल्या उष्णकटिबंधीय शेती संस्थेचे आणि अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ वेगवेगळ्या देशांतल्या मरुकेची लिपी ताडून पाहत होते. कोणत्या गावची अळी कोणत्या गावच्या अळीची नातेवाईक, हे त्यातून उमगतं. कोरड्या हंगामात मरुका दक्षिणेकडच्या दमट भागातल्या रानटी शेंगवर्गीय झाडांवर तग धरते आणि पाऊस उत्तरेला सरकला की त्याच्या मागोमाग चवळीवर येते, हे चित्र अशा अभ्यासांनी स्पष्ट होत गेलं. मग मरुकेवर जगणारे परजीवी कीटक सोडायचे कुठे? उत्तरेच्या शेतात नाही, तर जिथून ती निघते त्या दक्षिणेत. अळी शेतात पोहोचण्याआधीच तिची संख्या मोडायची. एकट्या शेतकऱ्याला हे जमणारं नाही. पण अशा माहितीवर अख्ख्या प्रदेशाचं नियोजन उभं राहतं, आणि सिक्वेन्सिंगचा पैसा खर्च करायची जागा तीच आहे.

बारामती तालुक्यातून हरभरा उत्पादकाने विचारलं आहे : "तीन वर्षं एकच औषध मारतोय. आधी एका फवारणीत अळी पडायची, आता दुकानदार दुप्पट मात्रा सांगतो. मारू का?"

नको. घाटे अळीच्या शरीरात विष फोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांना तिच्यात एक नवं जनुक सापडलं, दोन जुन्या जनुकांचे तुकडे एकमेकांना जोडले जाऊन बनलेलं. हे जनुक असलेली अळी फेनव्हलरेटसारखं औषध पचवून टाकते. दुप्पट मात्रेने अशा अळ्या सगळ्या मरत नाहीत. ज्यांच्यात हे जनुक नाही त्याच मरतात, आणि पुढची पिढी उरलेल्यांची होते. म्हणजे दुप्पट पैसे देऊन तुम्ही दणकट अळीची निवड करता, बियाण्याची करतो तशी. पुण्यातच, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घाटे अळीच्या आतड्यातल्या प्रथिनं पचवणाऱ्या विकरांवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. पीक बदललं की ती विकरांचा संच बदलते, हे त्यातून दिसलं. तूर, हरभरा, टोमॅटो, कपाशी, सगळंच तिला गोड का लागतं ते यावरून कळेल.

औषध बदलताना बाटलीवरचं मोठं नाव पाहू नका, खाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक पाहा. नाव वेगळं आणि घटक तोच असेल तर तुम्ही काहीच बदललेलं नाही. घटक वेगळा असला तरी गट एक असू शकतो, म्हणून दुकानदाराला गट विचारा. औषध किडीला कसं मारतं त्यावरून गटाचा क्रमांक ठरतो. गट ३ मारला असेल तर पुढचा २८ किंवा ६ मधला घ्या. सगळ्यात आधी मोजा. एकरी दोन कामगंध सापळे आणि दहा-पंधरा पक्षी थांबे लावा. सापळ्यात सलग दोन-तीन दिवस रोज आठ-दहा पतंग आले किंवा मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या तरच औषध. अळ्या लहान असताना ५ टक्के निंबोळी अर्क आणि एचएएनपीव्ही ५०० एलई (विषाणूची मात्रा मोजायचं माप) प्रति हेक्टर चालतं, पण ऊन उतरल्यावर, पाण्यात थोडी नीळ घालून. ऊन विषाणू मारतं, नीळ त्याला आडोसा देते. तुमच्याकडे खरंच घाटे अळी आहे, म्हणून हा विषाणू तुम्हाला उपयोगी आहे. वरच्या दादांना नव्हता.

इंदापूरच्या ताईंनी मुगावरच्या पिवळ्या मोझॅकचं, म्हणजे पांढरी माशी पसरवते त्या विषाणूच्या रोगाचं विचारलं आहे : शेजारच्या शेतात पांढऱ्या माशीचं औषध लागू पडलं, त्यांच्याकडे नाही, असं का? कारणं अनेक असू शकतात, पण एक कारण डोळ्यांना दिसत नाही. पांढरी माशी ही एक जात नाहीच. बाहेरून हुबेहूब सारख्या तीसहून अधिक जातींचा तो गोतावळा आहे, आणि त्या फक्त डीएनएवरून वेगळ्या ओळखता येतात. कुठली जात कुठल्या औषधाला दाद देते आणि कुठला विषाणू जास्त पसरवते, यात फरक असतो. तुमच्यासाठी आजचं काम मात्र साधं आहे : पिवळी पडलेली रोपं दिसताक्षणी उपटून गाडा आणि पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीला लावा. रोगट रोप औषधाने बरं होत नाही. पुढच्या वर्षी रोगाला दाद न देणारं वाण निवडा.

"बीटी तूर कधी येणार?" हा प्रश्न तिघांनी विचारला आहे. बीटी म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेलं पीक. आपल्या देशात व्यापारी लागवडीला मंजुरी मिळालेलं बीटी पीक म्हणजे कपाशी, तीही २००२ पासून. नायजेरियाने २०१९ मध्ये मरुकेला तोंड देणारी बीटी चवळी मंजूर केली. आपल्याकडे कुणी बीटी तुरीचं बियाणं म्हणून पाकीट विकत असेल तर ते घेऊ नका.

ज्यांना कीड ओळखताच येत नाही, त्यांनी नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र विभागात दाखवावा. बहुतेक वेळा भिंगाखालीच काम होतं. डीएनएची गरज वाटली तर तेच पुढे पाठवतील. त्यासाठी मेलेला नमुना शुद्ध अल्कोहोलमध्ये हवा. फॉर्मॅलिनमध्ये अजिबात नको, त्याने डीएनए खराब होतो. सोबत चिठ्ठीवर गाव, तारीख, पीक आणि आधी काय फवारलं ते लिहा. औषधाच्या रिकाम्या बाटलीत नमुना आणू नका. जिवंत अळ्या आणायच्या तर प्रत्येकीला वेगळी डबी, आत थोडा पाला. मागे एका भाऊंनी हरभऱ्यातल्या चार घाटे अळ्या एकाच डबीत घालून एसटीने आणल्या होत्या. डबी उघडली तेव्हा आत एकच होती, चांगली गुबगुबीत.