बोअरच्या पाण्यात नैसर्गिक आर्सेनिक असेल तर ते उकळून प्यायलं तर चालतं का?

नाही, अजिबात चालत नाही. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट वाफेने पाणी कमी होतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. क्लोरीन किंवा तुरटीवरही विसंबू नका.

आर्सेनिक खडकांत आणि गाळात मुळातच असतं, तिथून ते भूजलात उतरतं. त्याला रंग, वास, चव काहीच नसते, म्हणून पाणी काचेसारखं नितळ असलं तरी तपासणीशिवाय काही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. बांगलादेश आणि पश्चिम बंगालमध्ये स्वच्छ पाणी म्हणून खोदलेल्या कूपनलिकांमधूनच लाखो लोकांच्या पोटात हे विष गेलं, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

त्रास लगेच दिसत नाही, बहुतेकदा काही वर्षं जातात. मग छाती-पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके उठतात, तळहात-तळपाय जाड होऊन त्यावर खरखरीत गाठी येतात. पुढे त्वचा, फुप्फुस, मूत्राशय यांचा कर्करोग, शिवाय हृदयविकाराचा धोका. गर्भवती आणि लहान मुलांच्या बाबतीत तर जराही चालढकल नको.

प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्या. आर्सेनिक जास्त निघालं तर पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी वापरा, आंघोळ-धुण्याला सहसा चालतं. आरओ बसवलात तरी त्यातून आलेलं पाणी पुन्हा तपासा, कारण आर्सेनिकचा एक प्रकार त्यातूनही बराचसा निसटतो.