सर्टिफिकेट बघायचं की हात?

प्रश्न : काका नमस्कार, मी कळव्याला राहतो, वय २४. बीकॉम शेवटच्या वर्षाला सोडलं आणि सहा वर्षं झाली मामाच्या हाताखाली आहे, जांभळी नाक्याजवळ त्याचा छोटा कारखाना आहे, मी जास्त करून पाटल्या आणि तोड्यांवर हाताने नक्षी काढतो. मागच्या महिन्यात महापेला एका मोठ्या युनिटमध्ये गेलो तर तिथल्या मॅडमनी शिक्षणाचा रकाना रिकामा बघून परत पाठवलं, सोबत नेलेले नमुने उघडूनसुद्धा बघितले नाहीत. आता एक क्लासवाला सहा महिन्यांचा डिप्लोमा सांगतोय, फी ८५ हजार, म्हणतो १०० टक्के प्लेसमेंट. आई म्हणते माझ्या पाटल्या मोडू. करू का? आणि सर्टिफिकेट नाही म्हणजे मी कारागीर नाही का?

उत्तर : आधी आईला सांग, पाटल्या हातात राहू देत.

त्या मॅडमवर राग नको धरूस. ऑफिसात बसलेल्या माणसाला कलमाची, म्हणजे आपल्या खोदायच्या अवजाराची, धार कशी कळणार, त्यांना रकानाच कळतो. पुढच्या वेळी आत कामावर जो मुकादम असतो त्याला गाठ, ओळखीतून जा, मामाच्या व्यापाऱ्यांपैकी कोणी ना कोणी तिथे माल देत असेलच.

मी स्वतः रीतसर कोर्स केलेला माणूस, ७८ टक्के मिळालेले, आणि नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात गिऱ्हाइकाच्या पाटलीवर माझं कलम घसरलं. केसाएवढी रेघ, पण उजेडात अशी चमकायची की पोटात गोळाच आला. आमचे वस्ताद, ज्यांना पगाराच्या वहीत सही करायचं जिवावर यायचं, एक शब्द बोलले नाहीत, पाटली घेतली, त्या रेघेचा देठ केला आणि वर एक पान काढून दिलं. त्या पाटलीवर एका बाजूला सात पानं आहेत आणि दुसऱ्या बाजूला आठ, बाईंना अजून पत्ता नसेल.

पण कोर्स फुकट गेला असं मी म्हणणार नाही हां. डाग, म्हणजे सांधा जोडायला वितळवतात तो धातू, कुठे पळतो, २२ कॅरेटला कलम वेगळं का चालतं आणि १८ ला वेगळं का, हे वस्तादांच्या बोटांना माहीत होतं पण ते सांगता यायचं नाही, ते मला वर्गात कळलं. तुला कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन काढणं, शिकायचं असेल तर क्लास लाव, ते मामाकडे मिळणार नाही. फक्त त्या क्लासवाल्याकडून हाताच्या खोदकामाचे तास किती ते लेखी माग, आणि मागच्या बॅचची पोरं कुठे लागली त्यांचे नंबर माग. टाळाटाळ केली तर समजून जा.

कागदच हवा असेल तर स्वस्तात मिळतो. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यातल्या १८ धंद्यांत सोनारकाम आहे. पाच-सात दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत, सर्टिफिकेट आणि ओळखपत्र, आणि पुढे स्वतःचं टाकायचं असेल तर पहिलं कर्ज एक लाखापर्यंत ५ टक्क्यांनी. ही योजना स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे आणि एका घरातून एकालाच लाभ मिळतो, त्यामुळे आपण बसतो का आणि अर्ज चालू आहेत का, ते जवळच्या सीएससी सेंटरवर, म्हणजे सरकारी योजनांचे ऑनलाइन अर्ज भरून देतात तिथे, आधी विचार.

आणि नमुने नेतोस ते कसले? तयार दागिन्यांचे फोटो नको नेऊस, तांब्याचा दोन इंची पत्रा घे, त्यावर एक वेल काढ आणि वेलीच्या शेवटी एक बारीक अक्षर. जाणकार माणूस तो आधी तिरपा धरतो, रेघेची खोली सुरुवातीला आणि शेवटाला कशी बसली ते बघतो, वळणावर दात पडलेत का बघतो. दात पडतात कारण पोरं राळेत घट्ट बसवलेला तुकडा फिरवायच्या ऐवजी मनगट वळवतात. तुझे पडतात का, खरं सांग स्वतःला. अजून एक, तो पत्रा अर्धा सोडून ने आणि पुढची पानं तिथे त्यांच्यासमोर काढायची तयारी ठेव, कलम स्वतःचं, धार लावलेलं.

प्रश्न : ऐरोलीहून लिहितेय. ठुशी घेतली, चार महिन्यांत कडी निघाली, दुकानदार म्हणतो हॉलमार्क आहे मॅडम, माल खराब असूच शकत नाही. खरं का हो?

उत्तर : ताई, त्याने तुम्हाला गुंडाळलं. हॉलमार्क म्हणजे सोनं किती कसाचं एवढंच, २२के९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या वेगळ्या ओळख नंबराशिवाय, हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, तो नंबर हॉलमार्क ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. पण कडीला डाग नीट लागलाय का हे तिथे कोणी तपासत नाही, ते कारागिराच्या हातावर. बिलात घडणावळ लावलीये ना, मग ती त्याच कामाची घेतलीये, बिल दाखवा आणि कडी फुकट बसवून मागा. आणि पुढच्या वेळी दागिना आधी उलटा करून मागची बाजू बघत जा, पुढून सगळेच छान दिसतात.