गिचिन फुनाकोशी हेच कराटेचे जनक का?

नाही. आज क्लासमध्ये जे कराटे शिकवतात, त्याचा पाया फुनाकोशींचे गुरू इतोसू आंको (१८३१–१९१५) यांनी घातला. जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरल्या शुरी गावचे इतोसू आधी र्‍युक्यू या तिथल्या जुन्या राज्याच्या दरबारात लेखनिक होते. तोवर गुपचूप, मोजक्याच शिष्यांना दिली जाणारी ही विद्या त्यांनी १९०१च्या सुमारास शाळेत आणली आणि मुलांसाठी पाच ‘पिनान’ काता (ठरावीक हालचालींचे क्रम) रचल्या. आपल्याकडची पोरं बेल्टच्या परीक्षेत ‘हेइआन’ करतात ना, त्या याच. फुनाकोशींनी नाव बदललं आणि पहिल्या दोन कातांची अदलाबदल केली. १९०८ साली इतोसूंनी शिक्षण खात्याला दहा कलमांचं पत्र लिहिलं. मुद्दाम वाचावं असं आहे ते! माकिवारावर (ठोसे मारायच्या खांबावर) दर हाताने शंभर-दोनशे ठोसे मारा, इतकं नेमकं त्यात सांगितलंय. फुनाकोशींचं श्रेय मात्र कमी होत नाही: १९२२ साली टोकियोत प्रात्यक्षिक दाखवून त्यांनीच ही कला जपानभर रुजवली. आणि शाळेसाठी सोपं करताना इतोसूंनी घातक डाव मागे ठेवले, हा जुन्या जाणकारांचा आक्षेप मला रास्त वाटतो.