आई माळकरी आहे आणि वैद्यांनी दशमूलारिष्ट दिलंय. त्यातलं अल्कोहोल उडवून देता येईल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आई सदुसष्ट वर्षांच्या, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी लोणंदपासून पालखीबरोबर चालतात. कंबर-गुडघे धरले म्हणून वैद्यांनी दशमूलारिष्ट लिहून दिलं. घरी आल्यावर बाटलीवर ‘स्वयंजनित अल्कोहोल’ असं दिसलं आणि तुमचा हात थांबला. आता औषध तापवून अल्कोहोल उडवावं, काही न सांगता तसंच द्यावं, की त्याऐवजी शेजारच्या मावशी घेतात ते होमिओपॅथीचे थेंब द्यावेत?

न सांगता देऊ नका, एवढं आधी सांगतो. मी सांगलीजवळच्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात आसवारिष्टांच्या, म्हणजे आंबवून केलेल्या पातळ औषधांच्या, खात्यात २२ वर्षं काढली. माझ्या घरातही माळकरी माणसं होती, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही.

दशमूलारिष्टात अल्कोहोल कुणी ओतत नाही, ते आत तयार होतं. बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण, सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली आणि गोखरू ही दहा मुळं, शिवाय इतर बरीच औषधं, यांचा काढा करायचा. तो गार झाला की गूळ, मध, मनुकांचा काढा आणि धायटीची फुलं घालायची. धायटी आपल्याच डोंगरांतली. कोयना-पाटणकडे फाल्गुनात झुडपं लालभडक होतात, ती हीच. वाळलेल्या फुलांवर जंगली यीस्ट असतं, ते गुळावर वाढतं आणि साखरेचं अल्कोहोल करतं. याला आम्ही ‘संधान लावणं’ म्हणतो. काढा करून लावलं तर अरिष्ट, न उकळता लावलं तर आसव. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकाराने, शार्ङ्गधराने, हा फरक केव्हाच सांगून ठेवलाय.

पीप भरलं की तोंड कापडमातीने बंद करायचं. आठ-दहा दिवसांनी लाकडाला कान लावला की आत बारीक सर्र असा आवाज येतो, तापल्या जमिनीवर पहिला पाऊस मुरतो तसा. आवाज थांबला की झाकण किलकिलं करून पेटती काडी आत धरायची. काडी विझली तर आत अजून कार्बन डायऑक्साइड निघतोय, म्हणजे काम चालू आहे. तेवत राहिली तर संधान उतरलं. सांगलीच्या उन्हाळ्यात हे लवकर होतं, थंडीत पीप गोणपाटात गुंडाळून वाट बघावी लागते. शेवटी निवळीच्या बियांनी गाळ खाली बसवायचा आणि वरचं नितळ अरिष्ट काढून घ्यायचं.

एका आषाढात आमच्या एका पिपाची कापडमाती फुटली आणि दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. हवा आत गेली आणि झालेल्या अल्कोहोलचं आम्ल बनलं. झाकण काढलं तर नाकात झणझणीत शिरक्याचा वास. अख्खं पीप ओतून द्यावं लागलं. त्या दिवशी मला नीट कळलं की अल्कोहोल हा या औषधाचा कणा आहे. काढा दुसऱ्या दिवशी आंबतो. अरिष्ट वर्षानुवर्षं टिकतं ते त्याच्यामुळे. शिवाय मुळांमधली राळ, सुगंधी तेलं, काही कडू द्रव्यं नुसत्या पाण्यात नीट उतरत नाहीत. पाणी आणि अल्कोहोल मिळून त्यांना ओढून घेतात.

आता तापवण्याबद्दल. शुद्ध अल्कोहोल साधारण ७८ अंशांना उकळतं खरं, पण पाण्यात मिसळलेलं असताना ते एकदम निघून जात नाही, बराच वेळ उकळत ठेवावं लागतं. तोपर्यंत सुगंधी द्रव्यं उडालेली असतात, गुळाचा पाक घट्ट झालेला असतो आणि टिकण्याचा गुणही गेलेला असतो. मग तुमच्या हातात अरिष्टही नाही आणि ताजा काढाही नाही. कोमट पाण्यात घालून थोडा वेळ ठेवलं तर थोडंफार उडेल, सगळं नाही. ‘मी काढून टाकलंय गं’ असं आईंना सांगण्याइतकं तर नक्कीच नाही.

प्रमाणही सांगतो, ते कळायला हवं. आसवारिष्टांत साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल असतं. ८ टक्के धरा. २० मिलीच्या एका मात्रेत १.६ मिली झालं, आणि ते जेवणानंतर बरोबरीचं पाणी घालून घ्यायचं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १३ मिली असतं. म्हणजे एका मात्रेने नशा चढण्याचा प्रश्न नाही. पण माळ घातलेल्या माणसाचा प्रश्न मिलीमध्ये मोजता येत नाही, हेही मी मान्य करतो.

थेंबांचं म्हणाल, तर त्या बाटलीत अल्कोहोल अरिष्टापेक्षा कितीतरी जास्त असतं. होमिओपॅथीचे मदर टिंक्चर, म्हणजे मूळ अर्क, आणि पातळ औषधं मुळात अल्कोहोलमध्येच बनतात, आणि तिथे ते बाहेरून घातलेलं असतं. म्हणून तर १२ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं होमिओपॅथी औषध ३० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत किरकोळ विकता येत नाही, असा नियम आहे. घेताना थेंबच घेतात, त्यामुळे पोटात जाणारं थोडंच. पण ‘अल्कोहोल नको म्हणून थेंब’ हा हिशोब चुकीचा आहे. ग्लिसरीनमध्ये काढलेले अर्कही मिळतात. ते गोड लागतात, अल्कोहोल टळतं, पण राळेसारख्या द्रव्यांपुढे ग्लिसरीन कमी पडतं.

आमच्या तासगावच्या आजीला मी हे सगळं असंच सांगितलं होतं. तिने एकच विचारलं, “वरनं घालताय का आत हुतंय?” आत होतं म्हटल्यावर रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाली, “आंबलं ते आंबलंच बाबा. मला काढा दे.” तिचा सख्खा भाऊ, तोही माळकरी, म्हणाला, “औषध म्हणून वैद्यानं दिलंय, विठ्ठलाला कळतंय ते.” आणि त्याने बाटली संपवली. दोघांनाही मी काही समजवायला गेलो नाही. दोघांनी माहिती घेऊन ठरवलं होतं. तुमच्या आईंना उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर दुखणं गुडघ्याचं राहणार नाही.

अल्कोहोलपेक्षा मला काळजी वाटते ती गुळाची. आईंना मधुमेह असेल तर अरिष्ट सुरू करायच्या आधी वैद्यांना सांगाच. यकृताचा आजार, गरोदरपण, किंवा दारू सोडलेला माणूस असेल तर आसवारिष्टं नकोतच. दारू सुटावी म्हणून डायसल्फिराम चालू असेल तर एक चमचाही नाही, त्यावर अल्कोहोल गेलं की माणूस गंभीर आजारी पडू शकतो. मेट्रोनिडाझोल या जंतुसंसर्गावरच्या गोळ्यांचा कोर्स चालू असतानाही टाळा. लहान मुलांच्या अरविंदासवातसुद्धा अल्कोहोल असतं, हे बऱ्याच आयांना माहीत नसतं. ते मनाने देऊ नये.

आई नको म्हणाल्या तर वैद्यांना तसं स्पष्ट सांगा. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही, त्यांना हे रोजचं आहे. ते दशमूळाची भरड देतील किंवा गोळ्या देतील. काढा म्हणजे हुबेहूब दशमूलारिष्ट नव्हे, पण वातावर दशमूळाचा काढा पूर्वीपासून देत आलेत. भरड रात्री भिजत घाला. साधारण दोन चमच्यांना दोन कप पाणी, सकाळी मंद आचेवर अर्धा कप उरेपर्यंत आटवा, झाकण न ठेवता. मात्रा वैद्य सांगतील तीच. गाळून कोमट असतानाच द्या आणि उरलेला दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. तुरट-कडू लागतो, आई तोंड वाकडं करतील. गुळाचा खडा काढ्यात घालण्यापेक्षा, शुगर नसेल तर, नंतर हातावर द्या.