स्वीडनमध्ये नगरपालिका नेमकं काय काम करते आणि ही पद्धत आली कुठून?

तुम्ही विचारलंय की तिकडची नगरपालिका आपल्यासारखी रस्ते-गटारंच बघते की आणखी काही. मी इथे नऊ वर्षं राहतोय, नोकरी सॉफ्टवेअरची. तेव्हा हे उत्तर अभ्यासकाचं नाही, कर भरणाऱ्याचं आहे.

कर भरणाऱ्याचं असं मुद्दाम म्हटलं. पगारातून कापला जाणारा आयकर सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि तो जातो नगरपालिका (इथे ‘कोम्यून’ म्हणतात) आणि ‘रीजन’ (आपल्या जिल्ह्यासारखा मोठा विभाग) या दोघांकडे. देशाच्या सरकारचा आयकर फक्त ठरावीक मर्यादेपुढच्या पगारावर. दर प्रत्येक कोम्यून स्वतः ठरवते, त्यामुळे पलीकडच्या गावात राहायला गेलात तर हातात पडणारा पगार बदलतो.

या पैशातून पाणी, कचरा, अग्निशमन, वाचनालयं तर चालतातच, पण मोठा खर्च शाळा, बालवाड्या आणि म्हाताऱ्या माणसांची सेवा यांवर. दवाखाने रीजनकडे. आमच्या खालच्या मजल्यावर ८६ वर्षांच्या आजी एकट्या राहतात. सकाळी सातला कोम्यूनची सेविका येते, पायांना घट्ट मोजे चढवते, गोळ्या देते, कॉफी ठेवते आणि पुढच्या घरी जाते. दिवसातून चार फेऱ्या. लेकीच्या बालवाडीसाठी अर्ज केला तेव्हा कळलं, चार महिन्यांत जागा देणं कोम्यूनला कायद्यानेच बंधनकारक आहे. जागा मिळाली, पण घरासमोरची नाही, दोन बस स्टॉप पुढची. शाळेतलं दुपारचं जेवण फुकट, सगळ्यांना. एक गंमत म्हणजे जन्माची नोंद मात्र कोम्यूनकडे नाही, ती कर खात्याकडे. १९९१ पर्यंत तर ती चर्चकडे होती.

चर्चपाशीच सगळ्याचं मूळ आहे. पूर्वी गावकारभार म्हणजे चर्चच्या परगण्याची सभा. पाद्री अध्यक्ष, आणि निराधारांना कोणी पोसायचं, शाळेचं छप्पर कोणी शाकारायचं हे तिथे ठरायचं. १८४२ मध्ये प्रत्येक परगण्याला शाळा सक्तीची झाली. १८६२ च्या कायद्यांनी धार्मिक कारभार आणि गावकारभार वेगळे केले आणि सुमारे २,५०० कोम्यून तयार झाल्या.

पण लोकशाही वगैरे लगेच आली असं समजू नका. मतं उत्पन्न आणि मालमत्तेच्या प्रमाणात मिळायची. जितका कर जास्त तितकी मतं जास्त, आणि खेड्यांत त्याला सुरुवातीला वरची मर्यादाच नव्हती. पन्नासहून अधिक गावं अशी होती जिथे एकाच माणसाकडे निम्म्याहून जास्त मतं होती. म्हणजे सभा भरवायची, चर्चा करायची, आणि शेवटी जमीनदार मान हलवेल तेच. कंपन्यांनाही मत होतं! दुसरीकडे, स्वतः कर भरणाऱ्या अविवाहित बायका आणि विधवा यांनाही गावच्या निवडणुकीत मत मिळालं, तेही १८६२ मध्येच. पैशाला लिंग नसतं, एवढाच त्यातला हिशेब असावा असं मला वाटतं. १९०९ मध्ये एका माणसाला जास्तीत जास्त ४० मतं अशी मर्यादा आली, आणि १९१८ मध्ये युरोपभर क्रांतीचे वारे वाहत असताना ही भानगड मोडीत निघाली.

पुढे गावं ओस पडायला लागली, माणसं शहरांकडे गेली. एवढ्याशा गावाला शाळा आणि वृद्धाश्रम झेपेना. १९५२ मध्ये गावं एकत्र करून संख्या १,०३७ वर आणली, १९७४ पर्यंत ती २७८ झाली. आज २९० आहेत. त्यात स्टॉकहोम जवळजवळ दहा लाखांचं, आणि उत्तरेतलं ब्यूर्होल्म अडीच हजारांच्याही आतलं. कायद्याने दोघांवर जबाबदारी मात्र सारखीच. श्रीमंत कोम्यूनकडून पैसे काढून गरिबांना देण्याची व्यवस्था त्यासाठीच आहे. लोक तिला ‘रॉबिन हूड कर’ म्हणतात, आणि श्रीमंत उपनगरं दरवर्षी तिच्या नावाने खडे फोडतात.

जनतेने थेट निवडलेला नगराध्यक्ष इथे नसतो. बहुतेक नगरसेवक दिवसा आपापली नोकरी करतात आणि संध्याकाळी सभेला येतात. सभा सगळ्यांना खुली असते. एका सभेला मी गेलो होतो, विषय एक छोटी शाळा बंद करण्याचा. तीन तास वाद चालला, पण आवाज कोणाचाच चढला नाही. मला आधी वाटलं, यांना फारसं काही पडलेलं नाही. मध्यंतरात कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या नगरसेविकेचे डोळे लाल झालेले दिसले. तिचा मुलगा त्याच शाळेत होता.

तुमचा शेवटचा प्रश्न, भारतीय पासपोर्टवर मत देता येतं का? कोम्यून आणि रीजनच्या निवडणुकीत येतं, १९७६ पासून. सलग तीन वर्षं इथल्या रहिवासी नोंदीत असायला हवं. मतदान दर चार वर्षांनी, सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी, तिन्ही निवडणुकांचं एकदमच. कोम्यूनची मतपत्रिका पांढरी, रीजनची निळी. पिवळी संसदेची, तिला आपण हात लावायचा नाही.