गहू घरचा, तरी पाव फुगत नाही

प्रश्न : काकू, आमच्याकडे दर वर्षी देपालपूरहून मामेसासऱ्यांच्या शेतातला गहू येतो. बाजारचा मैद्याचा ब्रेड मुलांना नको, असं सासूबाईंचं म्हणणं, म्हणून मी ओटीजीत घरच्या कणकेचा करते. यीस्ट ताजं असतं, फेसही येतो, पण दर वेळी वीट निघते. याच गव्हाच्या पोळ्या गार झाल्या की जरा कोरड्या लागतात, बाफले (उकळून भाजलेले कणकेचे गोळे) मात्र झकास होतात. ब्रेडचंच काय बिघडतं? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : पोळी कोरडी आणि बाफले झकास, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण उत्तर त्यातच आहे. यीस्टला दोष देऊ नका. मामेसासऱ्यांना फोन लावा आणि विचारा, यंदा पेरलं काय होतं? ‘तेजस’, ‘पोषण’ किंवा ‘मालवशक्ती’ म्हणाले तर तो कठिया गहू, म्हणजे ड्यूरम. नाव आठवत नसेल तर बियाण्याच्या पिशवीवरचा नंबर विचारा. इंदूरच्या गहू संशोधन केंद्रातून निघालेल्या जातींपुढे ‘एचआय’ असतं. त्यापुढचा आकडा ८ ने सुरू होत असेल (८४९८, ८६६३, ८७५९) तर कठिया. १ ने होत असेल, जसा १५४४, ज्याला शेतकरी ‘पूर्णा’ म्हणतात, तर तो पोळी-पावाचा गहू. गुजरातेतून आलेला ‘लोक-१’ही पोळी-पावाचाच.

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे, त्यामुळे एवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही : कठियाच्या पेशीत गुणसूत्रं २८, पोळीच्या गव्हात ४२. पाव उचलून धरणाऱ्या ग्लूटेनची ताकद बरीचशी त्या जास्तीच्या १४ मधून येते. कठियात प्रथिनं कमी नसतात, उलट भरपूर असतात. पण त्यांना ताण सोसत नाही. यीस्टचा वायू तयार होतो, कणीक ताणली जाते, फाटते आणि वायू निघून जातो. तुमचा फेस खरा आणि वीटही खरी, ती अशी.

फोन लागेपर्यंत घरीच बघा. दोन मोठे चमचे कणीक घट्ट भिजवून गोळी करा आणि अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. मग वाटीतल्या पाण्यात बोटांनी चोळत धुवा. पाणी दुधाळ होईल, ते बदलत राहा. शेवटी हातात करडी, चिकट गोळी उरेल, कोंड्याचे ठिपके असलेली. ती दोन्ही चिमटींत धरून हळू ओढा. पोळीच्या गव्हाची गोळी लांबते, सोडली की थोडी मागे येते. कठियाची गोळी थोडीशी ताणून मधेच तुटते. काही जातींत तर गोळी नीट जमतच नाही, चुरा पाण्याबरोबर वाहून जातो.

आता ब्रेड. कठिया एक भाग आणि लोक-१ किंवा पूर्णा दोन भाग, असं मिश्र दळून आणा. पाच किलो वेगळा गहू आणणं सासूबाईंना चालेल. मैद्यावर वाद घालण्यापेक्षा ते सोपं. चक्कीवरून पीठ गरमच येतं, तेव्हा डबा उघडा ठेवून पूर्ण गार होऊ द्या. आणि पाणी! चक्कीचं पीठ मैद्यापेक्षा पुष्कळ जास्त पाणी पितं. बहुतेक जणी ब्रेडची कणीकसुद्धा पुऱ्यांसारखी घट्ट मळतात आणि मग फुगत नाही म्हणून रडतात. ३०० ग्रॅम कणकेला २२५ मिलिलिटर पाणी घ्या. नुसतं कालवून ४० मिनिटं झाकून ठेवा, तेवढ्यात कोंडा भिजतो आणि अर्धं मळणं आपोआप होतं. मग एक सपाट छोटा चमचा, म्हणजे ३ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट चमचाभर पाण्यात विरघळवून घाला. ५ ग्रॅम मीठ, एक मोठा चमचा तेल. दहा मिनिटं मळा. हाताला चिकटेल, चिकटू द्या, वरून पीठ लावू नका.

मैद्याची कणीक दुप्पट फुगवतात. आपली दीडपटीच्या थोडं पुढे गेली की पुरे, जास्त थांबलात तर खचेल. घड्याळ बघू नका. मे महिन्यात पाऊण तासात काम होतं, जानेवारीत अडीच तासही लागतात; थंडीत बंद ओटीजीत शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवा. मग ८ बाय ४ इंची टिनमध्ये वळकटी करून ठेवा. काठाच्या किंचित वर आली आणि बोटाने दाबलेला खळगा सावकाश भरून आला की २०० अंशांवर, आधी तापवलेल्या ओटीजीत, खालच्या जाळीवर ३५ मिनिटं. उलटा करून टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा. आणि गरम कापू नका हो, मुलं कितीही मागे लागली तरी. आतला ओलावा बसायला तासभर लागतो.

उरलेला कठिया जाडसर दळून दलिया, रवा आणि बाफल्यांसाठी ठेवा. हळदीच्या पाण्यात उकळून वर तरंगलेला बाफला भाजून तुपात बुडवायचा, तर त्याला हाच गहू हवा. तिथे लोक-१ चालतो, पण मजा नाही.

प्रश्न : ताई, निवृत्तीनंतर गच्चीवर कुंड्या मांडल्या आहेत. मार्चअखेर टोमॅटो लावले. झाडं कमरेएवढी झाली, फुलं भरपूर येतात, पण मे लागल्यापासून सगळी देठासकट गळतात. माती शेतातली काळी आणली, युरियाही दिला. काय कमी पडतंय? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : कमी काही नाही, ऊन जास्त आहे. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २२-२४ च्या खाली उतरत नसेल तर टोमॅटोचा पराग निकामी होतो. फळ धरत नाही आणि झाड फूल टाकून देतं. शब-ए-माळव्याचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रींचं, कौतुक आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण सिमेंटची गच्ची रात्री अकरापर्यंत तापलेली असते. युरिया आजपासून बंद करा. त्याने पानं वाढतात, आणि पानांची तुमच्याकडे कमतरता दिसत नाही.

ही झाडं काढलीत तरी हरकत नाही. ऑगस्टमध्ये रोप टाका, चार आठवड्यांनी सप्टेंबरात कुंडीत लावा, नोव्हेंबरपासून खा. हिवाळ्यात फुलांच्या घोसाला सकाळी हलकी टिचकी मारत जा, पराग झडून फळ चांगलं धरतं.

खरी काळजी मला मातीची वाटते. काळी माती शेतात सोनं, कुंडीत संकट. पावसात तिच्यातून पाणी हलत नाही, मुळं गुदमरतात. उन्हात ती आकसते, कुंडीच्या कडेने फट पडते आणि तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. बशीत पाणी दिसलं म्हणून माती भिजली असं समजू नका. बोट दोन पेरं आत घालून बघा. एक भाग काळी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं खत, असं करा. वर सुक्या पानांचा दोन बोटं थर द्या. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं त्या भागात तर हा थर हवाच.

आणि उन्हाळ्यात गच्ची रिकामी का ठेवायची? भेंडी, चवळी आणि गिलकी (घोसाळी) लावा. गिलकीचा वेल जाळीवर चढवलात तर खालच्या कुंड्यांना सावली मिळते आणि वहिनींना भजी.

प्रश्न : बिनअंड्याचा केक मधोमध खचतो. (वडोदरा)

उत्तर : तीन कारणं, शक्यतेच्या क्रमाने : २५ मिनिटांच्या आत दार उघडलं, दही-सोडा घालून पीठ ओट्यावर वाट बघत राहिलं, सोडा जास्त झाला. पाव किलो मैद्याला अर्धा छोटा चमचा सोडा आणि एक छोटा चमचा बेकिंग पावडर पुरते.

प्रश्न : काकू, मी हॉस्टेल सोडून मैत्रिणीबरोबर फ्लॅटमध्ये राहते. बाल्कनीत माठात खत करायला घेतलं, पण असा वास सुटलाय की शेजारच्या आजी बोलायच्या बंद झाल्या. सगळा कचरा गाडीतच टाकू का? (भंवरकुआ, इंदूर)

उत्तर : अगं, इंदुरात राहून खताला भितेस? ज्या पद्धतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, ती इथलीच. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथे होते, आज शेतकी कॉलेज आहे तिथे. त्यांच्याबरोबर यशवंत वाड हे सहकारी होते. १९३१ साली दोघांच्या नावाने ती पद्धत छापून आली. त्यांचं सूत्र तुझ्या माठालाही लागू आहे : थरावर थर, हवा खेळती आणि मधून मधून उलथापालथ.

तुझ्या माठात फक्त ओलं गेलंय. एक वाटी सालींवर दोन वाट्या सुकी पानं घाल, झाडूवाल्या ताईंकडे माग, पोतंभर देतील. पानं नसतील तर वर्तमानपत्राच्या चिंध्या. आत्ताचा माठ वर्तमानपत्रावर रिकामा कर, पाणी निथळू दे, सुकं मिसळून परत भर, मूठभर जुनं खत किंवा ताक शिंपड. माठाला बाजूने भोकं नसतील तर ती आधी पाड. आठवड्यातून दोनदा काठीने तळापर्यंत ढवळ. मूठ आवळल्यावर पाण्याचा थेंब गळला तर ओलं जास्त आहे.

शिजलेलं अन्न, दही, तेलकट भाजी माठात नको. ते ओल्या कचऱ्याच्या डब्यातून गाडीला दे. देवगुराडियाच्या कचरा प्रकल्पात त्याचा गॅस करतात, वाया जात नाही. वास दोन-तीन दिवसांत जाईल. आजींना तोवर कोथिंबिरीची एक जुडी नेऊन दे, विकतची चालेल.